उत्तरेची खिडकी

"आत्या, आत आहात ना? मी बाहेरनं खिडकी लावून घेतेय. दारं रंगवायचीत. अंधार झाला तर घाबरू नका."

"आता या वयात अंधाराला काय घाबरायचं," वच्छलाबाई आतून म्हणाल्या आणि फरशीवर सांडलेले रंगाचे थेंब ओल्या फडक्याने पुसत राहिल्या.

भिंतींवर सकाळीच दुसरा पांढरा हात मारून झाला होता. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खोलीचं दार लोटलेलं होतं. भाचेसून स्नेहलने बाहेरून खिडकीची दोन्ही दारं ओढली आणि आत काळोख झाला. वच्छलाबाई उकिडव्या बसल्या होत्या तशाच थांबल्या. डोळे सरावले की उरलेला कोपरा पुसून उठायचं, असा त्यांचा विचार होता.

डोळे सरावले तेव्हा समोरच्या भिंतीवर काहीतरी हलत होतं.

आधी त्यांना वाटलं, ओला रंग ओघळतोय. मग तो रंग हिरवा दिसायला लागला. भिंतीच्या वरच्या अंगाला मातकट पट्टा होता, त्याच्याखाली हिरवं काहीतरी लोंबत होतं आणि वाऱ्याने डुलत होतं. त्याच्याही खाली, अगदी फरशीपर्यंत, निळं. वच्छलाबाई बघत राहिल्या. तो डुलणारा हिरवा रंग म्हणजे रस्त्यापलीकडचा ऊस होता. तुरे खाली आणि बुडखे वर. मातकट पट्टा म्हणजे घरापुढचा रस्ता. त्या रस्त्यावरून एक लाल टेम्पो चाकं वर करून आला आणि भिंतीच्या कडेशी जाऊन नाहीसा झाला. बाहेर त्याचा आवाज मात्र नेहमीसारखाच आला.

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग अंगणात त्यांचे थोरले भाऊ आले. मारुतराव. पांढरी टोपी, पांढरा सदरा. ज्यांच्या चपलांची चाहूल लागली तरी घरातली माणसं आवाज खाली आणत, ते मारुतराव वटवाघळासारखे खाली डोकं करून चालत होते. चालता चालता थांबले, कमरेवर हात ठेवून उसाकडे बघितलं आणि पुन्हा उलटेच निघून गेले.

"स्नेहल," वच्छलाबाईंनी हाक मारली. "अगं, भाईर समदं ठीक हाय का बघ. काय उलथापालथ झालीय का?"

स्नेहल हातातला ब्रश तसाच घेऊन आत आली. काय झालं ते दिसताच तिने घाईने दार लावून घेतलं आणि तीही वच्छलाबाईंच्या शेजारी फरशीवर टेकली.

"कॉलेजात शिकवलं होतं हे," ती म्हणाली. "पण एवढं मोठं मीपण कधी बघितलं नव्हतं."

ती उठून खिडकीपाशी गेली. दाराची जुनी कडी काढली होती, तिथे बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. स्नेहलने त्यावर तळवा ठेवला. ऊस, रस्ता, आभाळ, सगळं विझलं. तळवा काढला, सगळं परत आलं.

"कॅमेऱ्याच्या आत असंच होतं, आत्या. एवढंसं भोक आणि मागं अंधार. वरचा उजेड खाली येतो, खालचा वर जातो."

"म्हंजी ही खोलीच कॅमेरा झाली?"

"हो."

"आन् आपण त्याच्या पोटात बसलोय?"

स्नेहल हसली. त्या दिवशी खिडकी रंगवायची राहून गेली. ऊस काळा पडून भिंत पुन्हा नुसती भिंत होईपर्यंत दोघी तिथेच बसून होत्या. येणारंजाणारं माणूस त्यांना दिसत होतं आणि त्या कुणालाच दिसत नव्हत्या. वच्छलाबाईंना असं बघायची सवय जुनी होती. पण त्यात एवढं सुख असेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ती खोली त्यांचीच होती. म्हणजे तशी कुणी दिली नव्हती. घराच्या उत्तर टोकाला, धान्याच्या कोठ्या ठेवायची ती जागा. सासर सुटल्यावर वच्छलाबाईंची खाट आणि पत्र्याची ट्रंक तिथे लागली आणि तिथेच राहिली.

सासर घोडनदीच्या काठी होतं. लग्नाला दोन वर्षं झाली आणि त्यांच्या खालच्या ओठाशी एक पांढरा ठिपका उठला. मग हातांवर, मग डोळ्याभोवती. कोड फुटलं, असं आधी सासू म्हणाली आणि मग सगळं गाव म्हणालं. दिवाळीला मूळ म्हणून मारुतराव बहिणीला आणायला गेले, तेव्हा तिचं ताट-वाटी गोठ्याच्या वळचणीला वेगळी ठेवलेली त्यांना दिसली. त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि ते म्हणाले, "वच्छे, चल." केडगावच्या त्या घरात वच्छलाबाईंचं ताट पुन्हा कधी वेगळं झालं नाही. हे उपकार त्या विसरल्या नव्हत्या. पण दारात पाहुणे आले की मारुतराव हळूच म्हणत, "वच्छे, तू आत थांब जरा." तेही तितक्याच मायेने. भावजय गेली, तिच्या मागे वच्छलाबाईंनी घर सांभाळलं, भाचा विश्वजीत त्यांच्याच हाताखाली वाढला. त्याच्या लग्नाची बोलणी चालली, तेव्हा त्यांना पाटसला चुलत बहिणीकडे धाडलं होतं. पोरीकडच्यांना वाटायला नको की रक्तातच आहे. लग्नाच्या दिवशी घर राखायला कुणीतरी हवं होतं. त्यामुळे लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये त्या कुठे नव्हत्या.

नव्या नवरीने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते स्वयंपाकघरात. स्नेहल शिरूरची, तिथल्या एका स्टुडिओत काम केलेली पोरगी. तिने क्षणभर बघितलं, पाया पडली आणि म्हणाली, "चहा किती जणांचा टाकायचा, आत्या?" बस्स, एवढंच.

घरातच स्टुडिओ काढायचा हे तिने मनात धरलं, तेव्हा ती आठवडाभर प्रत्येक खोलीत जाऊन हात पुढे करून उभी राहायची. पंजा उलटा करायची, सुलटा करायची. वच्छलाबाईंना वाटलं, पोरीला काही झालं की काय. ती उजेड बघत होती. शेवटी उत्तरेच्या खोलीत तिचा हात थांबला. या खिडकीतून ऊन आत शिरत नाही आणि उजेड दिवसभर एकसारखा राहतो, असं तिचं म्हणणं.

"घे की मग," मारुतराव म्हणाले. "वच्छी सोप्यात झोपंल."

पण संध्याकाळी स्नेहल खाटेवर येऊन बसली. "आत्या, खोली तुमची आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी दुसरं काहीतरी बघते."

"माझी?" वच्छलाबाई म्हणाल्या. या घरात आपलं म्हणावं असं काही आहे हे त्यांना त्या घटकेला कळलं आणि त्याच घटकेला त्यांनी ते देऊन टाकलं. "घे बाई. मला काय, चार हात जागा पुरं."

कोठ्या मागच्या पडवीत गेल्या. स्नेहलने पाण्याच्या प्लास्टिक पाइपची चौकट करून तिच्यावर राखाडी कापड ताणलं. थर्माकोलचा मोठा पत्रा आणला, उजेड त्याच्यावर आपटून परत यावा म्हणून. खिडकीला पडदा हवा होता, पण उजेड अडवणारा नको, गाळून घेणारा हवा होता. त्यासाठी मारुतरावांचं जुनं मऊ धोतर कामी आलं. विश्वजीत सणसवाडीच्या कंपनीतून पाळी संपवून यायचा आणि कपडे न बदलता वायरी ओढायला लागायचा. वच्छलाबाई झाडायच्या, पुसायच्या, हातात देतील ते धरून उभ्या राहायच्या.

मग एक दिवस स्नेहल म्हणाली, "आत्या, त्या स्टुलावर बसा बरं."

"मी कशापायी?"

"उजेड बघायचाय. कुणीतरी बसल्याशिवाय कळत नाही."

"मग विश्वाला बसव. माझ्यावर कशाला वाया घालवतीस?"

"त्यांचा चेहरा सोपा आहे," स्नेहल कॅमेरा पुसत म्हणाली. "एकाच रंगाचा. तुमच्या तोंडावर गोरंही आहे आणि सावळंही आहे. उजेड जास्त झाला की गोरं जळून जातं, कमी पडला की सावळं बुडतं. दोन्ही नीट आलं ना, की मग जगात कुणीही इथं येऊन बसू दे."

ती दया दाखवत नव्हती. तिच्या कपाळाला आठी होती आणि ती खिडकीकडे बघत होती. वच्छलाबाईंना आजवर कुणी कुणी काय काय म्हटलं होतं, पण त्यांचा चेहरा अवघड आहे आणि म्हणून कामाचा आहे, असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या.

मग रोजच बसायला लागल्या. दुपारची भांडी झाली की हात पुसत येऊन बसायच्या. स्नेहल धोतर अर्धं सरकवायची, थर्माकोल जवळ आणायची, लांब न्यायची, बघायची, मान हलवायची. "जळलं," म्हणायची, नाहीतर "बुडलं." वच्छलाबाईही मग स्वतःच विचारायला लागल्या, "आज जळलं का बुडलं?"

आणि एका दुपारी स्नेहल काहीच बोलली नाही. कॅमेऱ्यातलं तिने लॅपटॉपवर घेतलं आणि लॅपटॉप वच्छलाबाईंकडे फिरवला.

वच्छलाबाईंनी चष्मा लावला. पडदाभर त्यांचा चेहरा होता. त्यांची समजूत होती की आपल्या तोंडावर कुणीतरी काहीतरी सांडून ठेवलंय. इथे सांडलेलं काहीच नव्हतं. भीमेचं पाणी ओसरलं की वाळू उघडी पडते आणि तिची कड ओल्या काळ्या मातीत वळणं घेत घेत शिरते, तशी ती कड ओठापासून निघून गालावर चढत होती, डोळ्याला वळसा घालत होती. कुठे बारीक, कुठे रुंद. एकेक वळण कुणी सवड काढून, हलक्या हाताने काढलं असावं. डाव्या भुवईत चार पांढरे केस होते, तेही मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. वच्छलाबाईंनी बोट पुढे केलं आणि पडद्याला न लावता त्या कडेवरून हळूहळू फिरवलं.

"हे असं हाय?"

"असंच आहे."

"आरशात न्हाई असं दिसत."

"आरशापुढं तुम्ही थांबता कुठं, आत्या."

त्या संध्याकाळी त्यांना दोनदा हाक मारावी लागली, तेव्हा त्या चुलीपाशी आल्या.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी स्नेहलने तोच फोटो दौंडहून मोठा छापून, चौकटीत बसवून आणला आणि दारासमोरच्या भिंतीवर लावला. पूजेचा नारळ घेऊन मारुतराव आत आले आणि फोटोपुढे थबकले.

"हे इथंच लावायचं हाय का?"

"हो आबा. मी काढलेल्यात हा सगळ्यात चांगला आहे."

"वंगाळ हाय असं मी म्हणतच न्हाई. पर लोक लग्नाचं, लेकराबाळांचं फोटो काढाय येणार. दारातनं आत आलं की पहिलं हे बघितलं म्हंजी..."

"म्हणजे काय, आबा?"

मारुतराव नारळाची शेंडी उपटत राहिले. विश्वजीत फोनमध्ये बघत होता. वच्छलाबाईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि स्वतःच्या हाताने चौकट खिळ्यावरून उतरवली.

"दादा काय खोटं बोलत न्हाई," त्या स्नेहलला म्हणाल्या. "लोकांचा काय भरवसा? तुझा जम बसू दे आधी." आणि फोटो राखाडी कापडामागे भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. रात्री मारुतरावांनी एक भाकरी कमी खाल्ली.

स्टुडिओ चालायला लागला. शाळेच्या फॉर्मचे फोटो, बारशाची बाळं, साखरपुड्याआधी नटूनथटून येणारी जोडपी. गिऱ्हाईक आलं की वच्छलाबाई स्वयंपाकघरात जायच्या. कुणी जा म्हणत नव्हतं.

मार्गशीर्षात एका सकाळी कोरेगाव भीमाहून मायलेकी आल्या. आईचं नाव सोजरबाई, मुलगी अनिता, तीही सणसवाडीला एका कंपनीत लाईनवर काम करणारी. केडगावात भावाकडे आलो होतो, असं सोजरबाई म्हणाल्या. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "खरं म्हंजी आमच्या गावात फोटो काढला की चार जणांत बोभाटा होतो. स्थळाला द्यायचाय. तेवढे डाग कम्प्युटरवर काढून द्याल का?"

वच्छलाबाईंना भिंतीपलीकडे ते ऐकू आलं. त्यांच्या हातातलं पीठ परातीत पडलं.

स्नेहल म्हणाली, काढता येतील. मग कॅमेऱ्याचा आवाज आला, थांबला, परत आला. "मान थोडी वर घे, अनिता. अजून थोडी. हनुवटी दिसू दे." कॅमेरा वाजला नाही. "बरं, खाली बघ मग." पोरगी मान वर करत नव्हती.

वच्छलाबाईंनी हात धुतले. तांब्याभांडं घेतलं आणि त्या स्टुडिओत गेल्या.

अनिताने मान वर केली. तिच्या हनुवटीखाली आणि गळ्यावर, ओढणी कितीही वर घेतली तरी झाकणार नाही इतकं, पांढरं उमटलेलं होतं. ती वच्छलाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. सोजरबाईंनीही बघितलं आणि त्या पिशवी उचलून उभ्या राहिल्या.

"चल अनिता."

"काकू, फोटो..." स्नेहल म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या फोटो." आणि त्या तरातरा ओट्यावर गेल्या. तिथे मारुतराव पेपर वाचत बसले होते.

"का वं बाई, झाला न्हाई का फोटो?" त्यांनी विचारलं.

"असलं माणूस घरात कामाला ठिवता तुम्ही," सोजरबाई म्हणाल्या. "माझ्या पोरीनं काय बघायचं? पुढं तिचं काय व्हणार ते?"

आत वच्छलाबाईंनी हातातला तांब्या घट्ट धरला. बाहेर पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"कामाला न्हाई ती," मारुतराव म्हणाले. "बहीण हाय माझी. पाठची."

सोजरबाई पायरीपाशी थांबल्या.

"आमच्या घरातली हाय. माझं पोरगं तिनंच वाढवलंय," मारुतराव पुढे म्हणाले. "बसा तुम्ही. पाणी घ्या."

दादा परक्या माणसापुढे असं कधी बोलले होते, हे वच्छलाबाई आठवू लागल्या. त्यांना काही आठवलं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या असत्या, पण अनिताने स्टुलावरूनच त्यांना विचारलं, "मावशी, तुमचं कवा सुरू झालं?"

"तुझ्याएवढीच व्हते."

"थांबतं का?"

"माझं न्हाई थांबलं. आता औषधं निघाल्यात म्हणत्यात. तुझं थांबंल."

"दुखतं?"

"न्हाई. उन्हात चुरचुरतं तेवढं." वच्छलाबाईंनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला. "आन् माणसं बघत्यात."

"मग काय करता तुम्ही?"

खोलीत तो एकसारखा, गाळून आलेला उजेड होता. पोरीला धीर यावा असं काहीतरी सांगावं, असं वच्छलाबाईंना वाटलं. पण त्यांच्याजवळ खरं तेवढंच होतं.

"मी आत बसले," त्या म्हणाल्या. "तू नको बसू."

त्यांनी तांब्या खाली ठेवला, कोपऱ्यातला थर्माकोल उचलला आणि इतक्या दिवसांत बघून ठाऊक झालं होतं तसा पोरीच्या डाव्या अंगाला तिरका धरला. अनिताच्या गळ्यावर उजेड चढला. तिने ओढणी खाली घेतली, मग हनुवटी वर केली. स्नेहलने श्वास रोखला आणि कॅमेरा वाजला.

सोजरबाई पुन्हा आत आल्या, तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. डाग काढलेला फोटो त्यांनी नेलाच. स्नेहलने तो त्यांच्यासमोर बसून नीट करून दिला. दुसरा, जसाच्या तसा, अनिताने आपल्या फोनवर मागून घेतला. निघताना ती वच्छलाबाईंच्या पाया पडली. सोजरबाईंनी नुसते हात जोडले, आणि तेवढं करायलाही त्यांना बळ आणावं लागलं.

त्या गेल्या. थोड्या वेळाने मारुतराव दारात आले. स्टुडिओ सुरू झाल्यापासून ते त्या खोलीत आले नव्हते. त्यांनी खिडकीवरचं धोतर ओळखलं, हातात धरून बघितलं.

"आमचा दोघांचा घे एक," ते म्हणाले.

"दोघांचा म्हणजे?" स्नेहलने विचारलं.

"माझा आन् वच्छीचा."

स्नेहलने लाकडी बाक मध्ये ओढला. मारुतराव बरोबर मधोमध बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, सोसायटीच्या निवडणुकीला बसायचे तसे. वच्छलाबाई सवयीने बाकामागे जाऊन उभ्या राहिल्या, भावाच्या खांद्याआड.

"तिकडं नव्हं," मारुतराव म्हणाले आणि बाकावर सरकले.

वच्छलाबाई शेजारी बसल्या. बाक करकरला. दोघेही समोर बघत राहिले. स्नेहलला जरा वेळ लागला, मग कॅमेरा वाजला.

"आबा, डोळे मिटले तुमचे," ती लॅपटॉपकडे बघत म्हणाली. "परत घेऊ."

वच्छलाबाई उठून तिच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या. फोटोत भाऊ डोळे मिटून बसला होता आणि त्या उघड्या डोळ्यांनी समोर बघत होत्या. मग त्यांना आणखी काही दिसलं. त्या एकदा भावाकडे बघू लागल्या, एकदा फोटोतल्या स्वतःकडे. रुंद कपाळ तेच होतं. कानाच्या पाळ्या त्याच. नाक तर एका साच्यातून काढल्यासारखं, शेंड्याशी किंचित उजवीकडे कललेलं. एवढं आयुष्य गेलं आणि आपण या माणसासारख्या दिसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही तोंडं शेजारी ठेवून कुणी बघितलीच नव्हती.

"दादा," त्या म्हणाल्या, "आपलं नाक एकच हाय."

मारुतरावांनी खिशातला चष्मा काढला. वाकून, हात पाठीमागे बांधून, त्यांनी फोटो पुष्कळ वेळ बघितला.

"आईचं हाय," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते परत बाकाकडे गेले. या वेळी ते कडेलाच बसले. वच्छलाबाईंना कुणी बोलवावं लागलं नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि जाऊन भावाच्या शेजारी बसल्या.